कोंडा झालाय? मग आधी रात्रभर तेल थापून झोपणं बंद करा

दिवाळी संपून पुण्यातली हवा कोरडी पडली की माझ्या मुलीच्या डोक्यात कोंडा सुरू होतो, आणि दोन वर्षं मी काय केलं तर दर शनिवारी वाटीभर खोबरेल तेल कोमट करून टाळूवर जिरवलं, रात्रभर ठेवलं, आणि कोंडा वाढतच गेला. म्हणून हे लिहितेय, कारण बहुतेक घरांत हीच चूक होते.

आपण धरून चालतो की कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलंय. तसं नसतं. मॅलासेझिया नावाची एक बुरशी सगळ्यांच्याच टाळूवर असते, ती टाळूच्या तेलावर जगते, आणि त्यातून जे ओलेइक ॲसिड तयार होतं ते काहींच्या टाळूला सोसत नाही, मग खाज सुटते आणि कातडीचे पापुद्रे भराभर सुटायला लागतात. म्हणजे रात्रभर तेल ठेवलं की तिलाच खाऊ घातल्यासारखं झालं ना! नखाने हलकेच खरवडून बघा, पिवळट, चिकट असं काही आलं तर तो कोंडा, आणि नुसता कोरडा बारीक भुगा पडत असेल तर बहुतेक टाळू कोरडी आहे, तिथे थोडं तेल चालतं. कोंडा असताना तेल लावायचंच असेल तर केसांच्या टोकांना लावा, टाळूला नको.

आमच्याकडे जमलेला उपाय मेथी आणि दह्याचा. दोन चमचे मेथीदाणे रात्री भिजत घाला, सकाळी मिक्सरमधून एकदम बारीक वाटा, बुळबुळीत लगदा होतो, तो मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. ही पायरी अजिबात सोडू नका, नाहीतर मेथीचे कण केसांत असे अडकतात की दोन दिवस विंचरताना पडत राहतात. त्यात तीन चमचे आंबट दही घाला, भांग पाडत पाडत बोटांनी टाळूला लावा, वीस-पंचवीस मिनिटांनी कोमट पाण्याने धुवा आणि मग नेहमीचा शाम्पू. आठवड्यातून दोनदा, किमान चार आठवडे. एका वेळेत काही होत नाही. आणि हो, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मेथी नकोच, बाकीच्यांनीही आधी कानामागे लावून बघा.

कडुनिंबाचा पाला तर रस्त्याच्या कडेलाही मिळतो, पाडव्याला गुढीला बांधतो तोच. दोन मुठी पाला लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार करून गाळा आणि शाम्पू झाल्यावर शेवटचं पाणी म्हणून डोक्यावर घ्या. खाजेला बरं वाटतं.

टी ट्री ऑइल जरा महाग पडतं, पण सगळ्यांत जास्त भरवसा माझा त्याच्यावर आहे. दोन चमचे शाम्पूत दहा थेंब, डोक्याला लावून तीन मिनिटं ठेवायचं आणि मग धुवायचं. नुसतं कधीच लावू नका, कातडी भाजल्यासारखी होते, आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर विषारी आहे.

लिंबू मात्र जपून. मी एकदा अर्धं लिंबू सरळ टाळूवर चोळलं होतं, खाजवून खाजवून बारीक जखमा झालेल्या, अशी काही आग झाली की डोळ्यांत पाणी आलं. लावायचंच तर मगभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस, आणि नंतर नीट धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका, लिंबाचा रस कपाळावर राहून ऊन लागलं तर काळे डाग पडतात.

आता पुण्यात दुचाकीशिवाय चालत नाही, तर हेल्मेटचं बघा. घामट डोक्यावर तासभर हेल्मेट म्हणजे बुरशीला हवी तशी ऊब आणि ओल. आतलं अस्तर निघत असेल तर दर आठवड्याला धुवून उन्हात वाळवा, नसेल निघत तर आत सुती रुमाल बांधा आणि तो रोज बदला. केस ओले असताना हेल्मेट घालायचं नाही. कंगवा प्रत्येकाचा वेगळा, आणि तोही गरम साबणाच्या पाण्यात धुवायचा.

महिन्याभरात फरक नाही पडला तर केटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या शाम्पूबद्दल डॉक्टरांना विचारा, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. पण टाळूवर जाड चंदेरी खवले, लाल चट्टे, पू, किंवा मुलांच्या डोक्यावर केस जाऊन गोल चकत्या दिसल्या तर घरचं काही लावत बसू नका, सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, तो कोंडा नसतो.