वाड्याची दुरुस्ती करताना या चुका टाळा

पुणे-नाशिककडच्या जुन्या वाड्यांचा भार मुख्यतः सागवानी खांब आणि तुळयांवर असतो. विटामातीची भिंत बहुतेक ठिकाणी त्यांच्यामधे भरलेली असते. दुरुस्तीत मात्र सगळे लक्ष भिंतीकडे जाते. ओल दिसली की थापला सिमेंटचा गिलावा. दोन-तीन पावसाळे भिंत कोरडी दिसते, पण आतल्या पाण्याची बाहेर पडायची वाट बंद झालेली असते. ते भिंतीतून वर चढते आणि आत गाडलेल्या खांबात मुरते. लाकडातला ओलावा सतत २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, मागोमाग वाळवी.

हे सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढा. फोडायचे यंत्र (ब्रेकर) लावलेत तर विटांचे तोंडही निघून येते. त्याआधी फुटकी कौले, गळकी पन्हळ, चौकातली तुंबलेली मोरी बघा. पाण्याचे मूळ बंद झाले नसेल तर गिलाव्याला हात लावण्यात अर्थ नाही. मग चुना: किमान महिनाभर पाण्याखाली मुरवलेला कळीचा चुना १ भाग, विटांची भुकटी म्हणजे सुरखी १, चाळलेली वाळू २. आधी हातभर तुकड्यावर लावून बघा, भेगा पडल्या तर वाळू वाढवा. थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि आठवडाभर तरी ओलसर ठेवा.

खांबाच्या पायाची चूक याहून महाग पडते. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो तो जमिनीच्या ओलीपासून वर राहावा म्हणून. जुन्या शहाबादीवर नवी फरशी, तिच्यावर टाइल, असे करत जमीन दोन-तीन इंच उचलली जाते, तळखडा गडप होतो आणि लादी पुसल्याचे पाणी लाकडाशी साचते. ठोकून बघा: भद्द आवाज आला आणि स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला तर पाय कुजला आहे. अशा पायाभोवती काँक्रीट ओतायची पद्धत बोकाळली आहे. तसे केले की कुजणे थांबत नाही, फक्त दिसेनासे होते.

करायचे ते असे. आधी फरशी उतरवून तळखडा मोकळा करा. प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक टेकू द्या, नाहीतर वरच्या मजल्याचा भार खालच्या कड्यांवर, म्हणजे मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडांवर येतो. जॅक एका वेळी २-३ मिलिमीटरच उचला आणि दिवसभर थांबा. शंभर वर्षांचा झोक पूर्ण सरळ करायचा हट्ट नको; कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची टोके, निसटतात किंवा तुटतात. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा. जोड तिरका, लांबी खांबाच्या जाडीच्या किमान तिप्पट, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. नवा तुकडा जुन्या, मुरलेल्या सागाचाच हवा. ओले लाकूड आकसले की जोड सैल पडतो. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात दिसतात तसे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब असतील तर कापायची रेघ नक्षीच्या खाली ठेवा.

कडीपाटावर, म्हणजे कड्या आणि त्यांवरच्या फळ्यांच्या छतावर, काँक्रीटचा स्लॅब टाकणे हा शुद्ध वेडेपणा आहे. १०० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो; हजार लिटरची टाकी म्हणजे आणखी एक टन. कडी बहुधा मधे मोडत नाही, भिंतीत शिरलेले टोक आधी जाते, म्हणून तपासणी तिथे करा. टोक खराब असेल तर शेजारी जोडकडी द्या आणि टोकाभोवती १० ते १५ मिलिमीटर हवा खेळती ठेवा.

लाकडावर ऑइलपेंट नको, पातळ केलेले जवसाचे तेल पुरते. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. जुना रंग ब्लोटॉर्चने जाळू नका. पाटांच्या फटीतल्या धुळीत ठिणगी तासन् तास धुमसते. वायरिंग कडीपाटात खिळ्यांनी ठोकलेले असेल तर ते रंगाच्या आधी बदला, धातूच्या नळीतून आणि प्रत्येक मजल्याला वीज तोडणारा वेगळा सर्किट ब्रेकर देऊन.