नवा घोडा, पहिला आठवडा: या चुका टाळा

दत्तजयंती उलटली की मला फोन सुरू होतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेतून घोडा आलेला असतो, दारात बांधलेला असतो, त्याच्यासोबतचे व्हिडिओ गावभर फिरलेले असतात. आणि आता तो खात नाही, चावतो, खोगीर दिसलं की मागच्या पायांवर उभा राहतो. भोवरे, देवमण, पंचकल्याणी अशा शुभ-अशुभ खुणांवर महिनोन्महिने काथ्याकूट करणारी ही माणसं पहिल्या सात दिवसांत काय करायचं, याचा मात्र पाच मिनिटंही विचार करत नाहीत.

पहिल्याच संध्याकाळी घमेलंभर चंदी (घोड्याचा दाणा)

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर, कारण हिच्यात घोडा मरतो.

घोड्याला उलटी करता येत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम दहा-पंधरा लिटरचं. चाऱ्याचं खरं पचन होतं मागे, मोठ्या आतड्यात, तिथल्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर. नव्या खाण्याची सवय व्हायला त्यांना आठवडा-दहा दिवस लागतात. तुम्ही मात्र प्रेमापोटी एका रात्रीत सगळं बदलून टाकता.

आमच्याच तालुक्यातल्या एका ऊसबागायतदार तरुणानं काठियावाडी घोडी आणली. देखणी होती, वादच नाही. रात्रभर टेम्पोत उभी, वाटेत पाणी धड प्यायलेली नाही. घरी आल्यावर ओवाळणं झालं, आणि भिजवलेल्या हरभऱ्याचं घमेलं पुढ्यात, वर गुळाचा खडा. मध्यरात्रीनंतर मला फोन आला. मी पोहोचलो तेव्हा घोडी घामानं निथळत होती, पुढच्या पायानं जमीन उकरत होती, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघत होती, मधेच धाडकन आडवी पडून लोळत होती. शूळ, म्हणजे पोटातली जीवघेणी कळ. आणि घरातली वडीलधारी मंडळी तिची मान वर ओढून बाटलीनं हिंग-ओव्याचं पाणी ओतायच्या तयारीत! असं ओतलेलं पाणी फुप्फुसात गेलं, तर शुळातून वाचलेलं जनावर न्यूमोनियानं जातं. बाटली मी हातातून काढूनच घेतली. डॉक्टरांनी येऊन नाकातून जठरापर्यंत नळी घातली, वायू काढला, वेदनाशामक टोचलं, लिक्विड पॅराफिन सोडलं. उजाडता उजाडता लीद पडली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यावर मालक मला काय विचारतो? “मग काका, रविवारी बसलं तर चालेल ना?”

माझी पद्धत साधी आहे. घोडा घेतानाच विकणाऱ्याकडून तो खातो त्याच चाऱ्याच्या दोन पेंढ्या आणि थोडं धान्य मागून घ्यायचं. व्यापारी हसतो, हसू दे. पहिले दोन दिवस तेच, सोबत वाळलेला कडबा किंवा गवत, आणि पाणी समोर कायम. दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं, त्यामुळे बादली रिकामी दिसली की मी घरातल्यांवर चिडतो. चंदी मुठीनं सुरू करायची आणि आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वाढवायची. बांधावरची कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. सकाळी उठल्यावर आधी लीद बघायची, मग घोडा. जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजायला शिका: शांत उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44. अंगाचं तापमान 99 ते 101 फॅरनहाइटच्या दरम्यान. हे आकडे तब्येत बरी असताना लिहून ठेवलेले असले, तर रात्री डॉक्टरांना फोनवर काहीतरी अर्थाचं सांगता येतं.

“शिकवलेला आहे” यावर विश्वास ठेवून दुसऱ्या दिवशी रिकिबीत (खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीत) पाय

शिकवलेला असतो, खोटं नाही. पण कशासाठी? यात्रेत पुष्कळ घोडे नाचाचे असतात, वरातीसाठी तयार केलेले. लगाम ताणून टाच दिली की जागच्या जागी पाय उचलायचे, हे त्याच्या अंगात भिनलेलं. तुम्ही पुढे चालावा म्हणून टाच मारता, तो नाचायला लागतो. तुम्ही घाबरून लगाम खेचता, तो आणखी उंच होतो. घोड्यानं हुकूम बरोबर पाळला. तुम्ही काय हुकूम सोडला, हे तुम्हालाच ठाऊक नव्हतं.

मग कोणीतरी सल्लागार काटेरी लगाम आणून देतो. काटेरी लगामावर 1965 च्या केंद्राच्या नियमांनीच बंदी आहे. कायदा बाजूला ठेवा, फाटलेल्या जिभेचा घोडा तुमच्या हाताला कधीच नरम होत नाही. झटपट इलाज विचारायला येणाऱ्यांना मी चहा देतो आणि परत पाठवतो.

पहिले दोन-तीन दिवस मी खोगीर बाहेर काढतच नाही. मोहरकी (तोंडावर बांधायचा दोराचा साज), लांब दोर, आणि खरारा, म्हणजे अंग घासायचा ब्रश. खरारा स्वतः करायचा, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) असला तरी. कुठे हात लावला की कातडी थरथरते, कुठला पाय उचलू देत नाही, हे खराऱ्यातच कळतं. मग हातात धरून गावातून फिरवायचा: ट्रॅक्टर, कुत्री, पिठाची गिरणी. चौथ्या दिवसाच्या सुमारास रिकामं खोगीर पाठीवर, आणि लांब दोरावर दोन्ही बाजूंनी फिरवणं, पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. आठवड्याच्या शेवटी, बंदिस्त आवारात, कोणीतरी मोहरकी धरलेली असताना बसायचं आणि फक्त कदम चाल, म्हणजे साधं चालणं. दुडकी, म्हणजे हलकी धाव, मिळाली तर बोनस. रविवारी नाही जमलं तर पुढचा रविवार आहेच.

आणि दात बघा. दोन दाती, म्हणजे दोन पक्के दात आलेला घोडा, हे जेमतेम अडीच-तीन वर्षांचं पोर. त्यावर ऐंशी किलोचा माणूस बसवू नका. चार दाती होईपर्यंत मी तरी थांबतो. घोडा अगदीच कोरा असेल, तर चाबूकस्वार (घोडा शिकवणारा) बोलवा आणि त्याचे पैसे देताना कुरकुर करू नका.

बाकीच्या, थोडक्यात

तंग (खोगिराचा पोटपट्टा) एकदाच आवळून वर चढू नका. घोडा पोट फुगवतो. दहा पावलं चालवून पुन्हा आवळा, नाहीतर खोगिरासकट पोटाखाली जाल.

दोर हाताला गुंडाळून धरू नका. बोटं जातात.

मागून गुपचूप जाऊ नका. थेट मागचं त्याला दिसत नाही. आधी आवाज द्या.

हातानं गूळ भरवणं बंद. आठवडाभरात चावरा होतो आणि मग “घोडा खोडकर निघाला” म्हणून मलाच फोन.

चपलेनं रिकिबीत पाय नको, पाय आरपार जाऊन अडकतो. टाचेचा बूट घाला आणि डोक्याला फेट्याऐवजी हेल्मेट.

धनुर्वाताची लस आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा तपासणी अहवाल कागदावर मागा, तोंडी नको. ग्लँडर्स माणसालाही होतो. घरात आधीचा घोडा असेल, तर नव्याला दोन-तीन आठवडे वेगळा बांधा, बादली आणि खरारा वेगळा ठेवा. नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलावे लागतात, तेव्हा नालबंदाचा नंबर घोडा आणायच्या आधीच मिळवून ठेवा. आमच्या भागात चांगला नालबंद आता घोड्यापेक्षा दुर्मिळ झालाय.