शंभर जणांचा दुपारचा चहा

साखरपुडा असो वा हळदीकुंकू, शंभर जणांना १०० मिलीचा कप धरला तर १० लिटर चहा लागतो. त्यासाठी ६ लिटर दूध, ५ लिटर पाणी (एखादा लिटर आटतोच), २५० ते ३०० ग्रॅम चहा पावडर, ८०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम आलं.

दूध फाटतं ते बहुतेकदा कच्च्या आल्यामुळे. म्हणून ठेचलेलं आलं आधी पाण्यात पाच-सात मिनिटं खळखळून उकळा, मग पावडर घाला. दूध दुसऱ्या पातेल्यात तापवून कढतच ओता. गार दूध ओतलं की उकळी परत यायला वेळ लागतो, तोवर पावडर उकळून चहा कडवट होतो. वेलची शेवटी.

चहा झाला की लगेच फडक्यातून गाळून थर्मासमध्ये भरा. मंद आचेवर ठेवलेला चहा अर्ध्या तासात बिघडतो. पाहुणे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर पाच-पाच लिटरचे दोन घाणेच करा, चव खरंच वेगळी लागते. साखर घालण्याआधी पंधरा कप बिनसाखरेचा चहा काढून ठेवायला विसरू नका.

सोबत कांदेपोहे असतील तर कोरडे पोहे ६ ते ७ किलो पुरतात.