लिफ्टसाठी गॅरेजचं फ्लोअर करताय? या चुका टाळा

गाडी उचलायची लिफ्ट दारात येऊन पडली की मग फोन येतो, "दादा, खाली काँक्रीट आहे, चालेल ना?" अरे, हे लिफ्ट घ्यायच्या आधी विचारायचं होतं. जाडी, काँक्रीटची ताकद, बोल्टचं काठापासून अंतर, सगळं मॅन्युअलमध्ये असतं. ते वाचा आणि मगच खोदायला घ्या.

सगळ्यात जास्त घोळ जाडीत होतो. दोन खांबी लिफ्टला बरेच जण किमान ४ इंच सांगतात, पण ते ४ इंच सगळीकडे पाहिजेत, फक्त कडेला फळी लावली तिथे नाही. मी नवीन ओतताना सरळ ६ इंच धरतो. एका ठिकाणी मालकाने छातीठोकपणे सांगितलं, ६ इंच आहे. भोक मारायला घेतलं तर तीन इंचांवर ड्रिल धपकन खाली गेलं आणि बिटासोबत वाळू वर आली. झालं होतं असं, की जुन्या फुटक्या जमिनीवर वाळू पसरून वर नवा थर ओतलेला, म्हणजे एकूण जाडी ६ भरत असेलही, पण बोल्ट धरणार कशाला? तरी मालक म्हणे कसून बघा, कसला तर नट नुसता फिरतोय आणि अँकर बोल्ट वर येतोय. दोन खांबी लिफ्टमध्ये गाडीचं वजन खांबाच्या आतल्या बाजूला लटकतं, त्यामुळे खांब आत झुकायला बघतो आणि बाहेरचे बोल्ट उपटले जातात, सगळी मदार त्यांच्यावरच. शेवटी खांबांच्या जागा फोडून, खालचं सगळं काढून, जाळी टाकून परत ओतलं, महिना गेला. म्हणून जुनी जमीन असेल तर मी आधी एक टेस्ट भोक मारतो आणि आत वाकडी तार घालून मोजतो. तोंडी जाडीवर माझा विश्वास नाही.

दुसरं म्हणजे घाई. काँक्रीटची ताकद मोजतात २८ दिवसांची, आणि लोक आठव्या दिवशी ड्रिल घेऊन उभे! वरून कडक वाटतं हो, वाटणारच, त्यावर चालायला काय लागतं. त्यात माल सरकायला सोपा जावा म्हणून ओतताना पाइपने पाणी मारलेलं असतं, म्हणजे एम २५ ग्रेडचं काँक्रीट मागवून गाळ ओतला. आणि क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, सकाळ संध्याकाळ बादली ओतून भागत नाही, ओली पोती टाका नाहीतर आळं करून पाणी साठवा.

बाकीचं पटपट. खालचा भराव थराथराने ठोका. तडे कुठेही जाऊ नयेत म्हणून काँक्रीटमध्ये मारतात तो जॉइंटचा कट बेसप्लेटखाली (खांबाच्या बुडाची प्लेट) येऊ देऊ नका, खांबांची जागा आधी आखून मग कट ठरवा. पाण्याला ढाळ हवाच असतो, पण खांबांच्या पट्ट्यात नको, शिमच्या (पातळ पत्र्याचे तुकडे) चळती लावून लेव्हल करणारे बघितले की डोकं फिरतं. टाइल्सवर बेसप्लेट बसवू नका. भोकातली धूळ फुंकून काढा, आणि टॉर्क रेंचनेच (जोर मोजून कसायचा पाना) कसा, "हाताला कळतं" वाल्यांनी लांब राहावं. वायरचा पाइप ओतायच्या आधी टाका, आणि तो नेमका कुठून गेला त्याचा टेप लावून फोटो काढून ठेवा, नाहीतर पहिलंच भोक त्याच्यात जातं.