एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलंय? आधी हे वाचा

मी साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. चिकुनगुन्याची साथ ओसरली की सांधे धरलेली माणसं रांगेत येतात, आणि चिठ्ठीवर आरए फॅक्टर या संधिवाताच्या तपासणीखाली बऱ्याचदा एचएलए-बी२७ लिहिलेलं असतं. या नावाचं जनुक अंगात आहे का, ते पाहणारी ही रक्ततपासणी.

उपाशीपोटी यायची गरज नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त घेतो, बस्स. तपासणीची पद्धत मात्र विचारा. फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरची बी२७ची खूण यंत्रावर शोधायची पद्धत असेल, तर रक्त ताजं लागतं. शिवाय बी२७चा भाऊबंद बी७ कधीकधी मध्येच डोकावतो आणि निकाल काठावर अडकतो. तसं झालं तर पीसीआरने, म्हणजे थेट जनुक शोधणाऱ्या तपासणीने, खात्री करून घ्या. एकदा पक्कं झालं की पुन्हा करू नका. जनुक बदलत नाही, पैसे तेवढे जातात.

पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे. बी२७ असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी त्याचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी, म्हणजे कणा आखडवणाऱ्या संधिवाताशी, संबंध दाखवला, तेव्हापासून बिचाऱ्याचं नाव खराब झालं. त्याचं मूळ काम विषाणूचे तुकडे पेशीवर आणून मारक पेशींना दाखवायचं. एचआयव्हीचा एक तुकडा तो इतका नेमका दाखवतो, की बी२७ असलेल्या अनेकांत तो संसर्ग सावकाश पुढे सरकतो. हेच जनुक कण्यावर का उलटतं, याचा पुरता उलगडा अजून व्हायचाय.

म्हणून डॉक्टरांकडे नुसता कागद नेऊ नका. ताप कधी आला, चिकुनगुन्याची आयजीएम (ताज्या संसर्गाची) तपासणी झाली होती का, हे सांगा. तापाच्या आधीही कंबर दुखायची का, हे तर आठवून आठवून सांगा; सगळा दोष डासावर टाकून लोक जुनं दुखणं विसरतात. चिकुनगुन्यात मनगटं, बोटं, घोटे महिनोन् महिने कुरकुरतात, आणि त्याला बी२७ लागत नाही. पण चाळिशीच्या आत सुरू झालेली कंबरदुखी, पहाटे जाग आणणारी, उठल्यावर अर्धा तास आखडून ठेवणारी, बसून वाढणारी आणि चालल्यावर मोकळी होणारी असेल, तर संधिवाततज्ज्ञ गाठा. डोळ्याच्या आतली सूजही बी२७शी जोडलेली असते. डोळा लाल होऊन दुखतोय, उजेड सोसवत नाही? मग नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जा.

"मग पोरांचीही करून टाका," असं काउंटरवर सर्रास ऐकते. प्रत्येक मुलात हे जनुक उतरायची शक्यता निम्मी असते. तरी त्रास नसेल तर मी सुई लावण्याआधी डॉक्टरांना विचारून यायला सांगते.