गणपतीच्या सजीव देखाव्यात १८९३ ची सह्यांची गुंडाळी कशी दाखवायची

यंदा तालमीचा देखावा मतदानाच्या हक्कावर करायचा विचार असेल तर न्यूझीलंडची गोष्ट घ्या, कारण सगळा खेळ एका कागदाच्या गुंडाळीवर आहे, आमच्या पेठेत आम्ही केलाय म्हणून सांगते.

गोष्ट अशी. केट शेपर्ड आणि तिच्यासोबतच्या दारूबंदीवाल्या बायका बायकांना मत मिळावं म्हणून सह्या गोळा करायच्या. १८९१ ला ९ हजारांवर झाल्या, १८९२ ला वीसेक हजार, तरी कायदा काय झाला नाही. मग १८९३ ला जवळपास ३२ हजार! केटनं कागदाला कागद चिकटवून झाडूच्या दांड्याला गुंडाळले. त्या मोठ्या गुंडाळीत ५४६ कागद, लांबी २७० मीटर.

आपल्याला ३० मीटर पुरे. जुन्या हिशोबाच्या वहीसारखे लांब कागद घ्या, चहाच्या पाण्यातनं काढून पंख्याखाली वाळवा, पावसाळ्यात दोन दिवस तरी धरूनच चाला. मैद्याची खळ पातळच ठेवा, जाड झाली की गुंडाळताना जोड तडकतो.

आता मेन गोष्ट, सह्या खोट्या मारू नका. एकाच पोरानं बसून सगळी नावं लिहिली की लगेच कळतं, आणि मग देखाव्यात जीव राहत नाही. दोघी-दोघींनी घरोघरी जा, संध्याकाळी सातच्या पुढं बायका जरा मोकळ्या असतात. आमच्या गल्लीतल्या एका आज्जींनी पेन हातात घेतलं आणि म्हणाल्या, "कशावर सही घेतीस गं? आधी वाचून दाखव." मी उंबऱ्यात बसून सगळी गोष्ट सांगितली, मग त्यांनी अंगठा न देता पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर जोडत. तेव्हा मला कळलं की त्या बायकांनी प्रत्येक दारात काय केलं असेल, म्हणून सांगते घाई करू नका, दिवसाला दहा घरं झाली तरी बास.

सीन सोपा आहे. जॉन हॉल नावाचे खासदार गुंडाळी सभागृहात घेऊन येतात आणि मधोमध सोडून देतात, ती उलगडत जाते आणि दांडा पलीकडच्या भिंतीवर धाडकन आपटतो. तिथं लाकडी फळी लावा आणि फळीमागं माईक ठेवा, तो आवाज लांबपर्यंत गेला पाहिजे. त्यावेळी निवेदन पूर्ण बंद.

मग फुलं. कायद्याच्या बाजूचे पांढरं कॅमेलिया लावायचे, विरोधातले लाल. आपण शेवंती आणि गुलाब वापरू, देवळाजवळ मिळतात. वरच्या सभागृहात २० विरुद्ध १८, म्हणजे दोनच मतांनी पास! त्यामुळं मोजणी एकेक हात वर करून दाखवा, पटकन उरकू नका. १९ सप्टेंबरला गव्हर्नरची सही झाली, २८ नोव्हेंबरला बायकांनी मत दिलं, आणि माओरी म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी बायकांनीसुद्धा, त्यांच्या जागांचं मतदान २० डिसेंबरला झालं, हे निवेदनात आलंच पाहिजे.

शेवटचे दोन-तीन कागद कोरे सोडा आणि पेन दोरीनं बांधून ठेवा, देखावा बघायला आलेल्या बायका-पोरींना तिथंच सही करू द्या.