गावचा प्रश्न विद्यापीठाकडे कसा न्यावा

गोवा विद्यापीठ १९८४ च्या कायद्याने स्थापन झाले आणि जून १९८५ पासून प्रत्यक्ष चालू झाले. त्याआधी इथले पदव्युत्तर शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या पणजीतील केंद्रातून चालत असे. इतकी वर्षे लोटली, तरी ताळगावच्या पठारावरच्या या विद्यापीठात आपले काही काम निघू शकते असे गावातल्या माणसाला सहसा वाटत नाही. मुलांचा प्रवेश आणि गुणपत्रिका एवढ्यापुरताच संबंध येतो. वास्तविक खाजनात शिरलेले खारे पाणी, आटत चाललेली झर, देवस्थानच्या पेटीतले मोडी कागद अशा प्रश्नांना तिथे अभ्यासक मिळू शकतो. प्रश्न नेण्याची मात्र एक रीत आहे, आणि ती आम्ही चुका करत करत शिकलो.

सर्वांत आधी मागणी आणि प्रश्न यांतला फरक ओळखावा. ‘आमची शेती वाचवा’ ही मागणी आहे. ती कृषी खात्याकडे किंवा आमदारांकडे न्यावी. विद्यापीठाला लागतो तो तपासता येईल असा प्रश्न. खाजनाचेच पाहू. ही खाडीकाठची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा सखल असते; बांध खारे पाणी अडवतो, आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या वाटेची, दारे भरतीच्या दाबाने मिटून ओहोटीला उघडतात. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन नेले की कोरगुटासारखे खारेपण सोसणारे भात घेतात. त्यामुळे नुसते ‘पाणी खारट झाले’ असे सांगितल्याने अभ्यासकाच्या हाती काहीच लागत नाही. कोणत्या बाजूचे शेत आधी करपले, बांध फुटला होता की मानशीच्या फळ्या कुजल्या होत्या, पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच चढते की रोजच्या भरतीलाही, आणि हे किती वर्षांपासून चालले आहे, एवढे लिहिले की तक्रारीचा प्रश्न होतो.

यासाठी शंभर पानी वही पुरते. एकाच माणसाने, ठरलेल्या जागांवर, निदान तीन महिने नोंदी कराव्यात: तारीख, तिथी, भरती की ओहोटी, मानशीचे दार कोणत्या स्थितीत होते, पाऊस झाला होता का. तिथी आवर्जून लिहावी, कारण उधाणाचा हिशेब तिच्यावरूनच लागतो. पाण्याचे नमुने नेणार असाल, तर बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने लिहावे. आम्ही पहिल्या खेपेला कागदी चिठ्ठ्यांवर बॉलपेनने लिहून बाटल्या बर्फात ठेवल्या. पठारावर पोचेपर्यंत चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता, आणि कोणती बाटली मानशीजवळची नि कोणती वरच्या शेतातली हे सांगता येईना. सगळे पाणी तिथल्याच मोरीत ओतून परत आलो.

कोणाकडे जायचे हे विषयावरून ठरते. पाण्यासाठी सागरी विज्ञान, वनस्पतींसाठी वनस्पतिशास्त्र, गावकारीच्या, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थेच्या, दप्तरांसाठी इतिहास आणि पोर्तुगीज, धालो-फुगडीच्या गीतांसाठी मराठी किंवा कोंकणी. केवळ बियाणे आणि खत यांचा सल्ला हवा असेल, तर जुन्या गोव्यातील एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था गाठावी. आपले विद्यापीठ कृषी विद्यापीठ नव्हे. विद्यापीठात ओळख नसेल, तर तालुक्यातल्या संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापकांपासून सुरुवात करावी. माझ्या मते बहुतेक वेळा हाच मार्ग बरा, कारण तिथले विद्यार्थी आसपासच्याच वाड्यांवरचे असतात आणि पुन्हा पुन्हा येऊ शकतात. शिवाय विद्यापीठातील कोसंबी अध्यासनासारख्या अध्यासनांची व्याख्याने सर्वांसाठी खुली असतात. एखाद्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी झालेली ओळख पत्रापेक्षा लवकर फळते.

पत्र एका पानाचे असावे आणि ते पंचायतीच्या किंवा कूळ शेतकऱ्यांच्या संघटनेच्या नावे जावे. एकट्या माणसाने लिहिले, तर ते भावकीच्या भांडणातले एका बाजूचे पत्र ठरण्याची भीती असते. पत्र पावसाळ्याच्या तोंडावर पोचलेले चांगले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधाचे विषय वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत ठरू लागतात, आणि एका विद्यार्थ्याच्या हाती थोडे महिनेच असतात. त्याला संपूर्ण खाजनाचा इतिहास न देता एका मानशीचा एक हंगाम द्यावा.

विद्यार्थी आले की बांधावरून त्यांना नेणारा एक जाणता माणूस ठरवून ठेवावा. प्रश्नावली इंग्रजीत असेल, तर ती आधी मागून घ्यावी आणि कोंकणीत विचारून पाहावी, कारण ‘सॅलिनिटी’ शब्द ऐकून मान डोलावणारा शेतकरी ‘खारें उदक’ म्हटल्यावर तासभर बोलतो. पाहुणचार चहा-भज्यांवरच आटोपावा. ओहोटी कोणासाठी थांबत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. पूर्वी एकदा एका संस्थेची मंडळी आमच्या वाड्यावर घरोघर अर्ज भरून गेली, आणि त्याचे पुढे काय झाले हे आजवर कोणाला कळलेले नाही. म्हणून गावाला काय परत मिळणार हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावे: अहवालाची प्रत पंचायतीत राहील, त्याचा सारांश मराठीत किंवा कोंकणीत ग्रामसभेपुढे वाचला जाईल, आणि माहिती देणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीशिवाय छापले जाणार नाही. गावचे बियाणे बाहेर जाणार असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये नेमलेल्या पंचायतीच्या समितीला कळवून त्याची नोंद करून घ्यावी.

अट आपल्यालाही लागू होते. खाजनात खारे पाणी दर वेळी बांध फुटल्यानेच येते असे नाही. मासळीच्या लोभाने कोणीतरी मानशीचे दार नको तेव्हा उघडे ठेवतो म्हणूनही येते, आणि तो कोणीतरी गावातलाच असतो. आमच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी आम्ही लिहिले होते, ‘निष्कर्ष गावातल्या कोणाला अडचणीचा ठरला, तरी तो ग्रामसभेत वाचला जाईल.’ सबंध पत्र एका संध्याकाळी लिहून झाले. त्या एका वाक्याखाली सगळ्यांच्या सह्या मिळवायला मात्र महिना गेला.